ओढ्याकाठी कविता: प्राथमिकच्या मुलांना बाहेर नेऊन लिहितं करणारे कोणी आहेत का? (सातारा-सांगली)

परळीखोरे
शनिवार, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार. साताऱ्याच्या पश्चिमेला उरमोडीच्या खोऱ्यात एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेवर मी शिकवतो. पहिली ते चौथी, पट ३१. शनिवारी सकाळची शाळा असते. परिपाठ उरकला की पोरांना शाळेमागच्या ओढ्यावर नेतो. तिथं ती बसतात, बघतात आणि कविता लिहितात. तीन वर्षं झाली. आपल्या दोन जिल्ह्यांत आणखी कोणी असं काही करत असेल तर त्यांचे अनुभव हवे आहेत, म्हणून हा धागा.

आधी माझं सांगतो. पहिल्या वर्षी तिसरी-चौथीला वर्गात बसवूनच ‘निसर्ग’ या विषयावर चार ओळी लिहायला सांगितल्या. चौदा वह्या आल्या. चौदाही वह्यांत दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, झुळझुळ नदी, किलबिल पक्षी. आमच्या गावचा डोंगर पश्चिमेला आहे, सूर्य त्याच्यामागं मावळतो. म्हणजे पोरांनी खिडकीबाहेर बघितलंच नव्हतं, चित्रकलेच्या वहीतला डोंगर शब्दांत काढला होता. त्यांचा काही दोष नव्हता. ‘निसर्ग’ हा शब्द आमच्या गावात कुठल्याच घरात बोलला जात नाही. घरात ‘रान’ असतं. रान म्हणजे जंगल नव्हे. ‘बा रानात गेलाय’ म्हणजे शेतात गेलाय. रानात गवत असतं, जनावरं असतात, विंचू असतो, भावकीच्या भांडणाचा बांध असतो.

पुढच्या शनिवारी ओढ्यावर नेलं आणि एवढंच विचारलं, “येताना रानात काय काय दिसलं?” अर्धा तास पोरं गप्प बसेनात. चौथीतला एक मुलगा मोज्यात घुसलेलं कुसळ उपटत होता. तो जे बोलला तेच त्याला लिहायला लावलं:

कुसाळ मोज्यात बसून
शाळंत आलं.
त्येचं नाव
पटावर न्हाई.

त्या दिवसापासून ‘निसर्ग’ हा शब्द मी फळ्यावर लिहिलेला नाही.

आता आमचं असं चालतं. प्रत्येकाची एक जागा असते. जूनमध्ये ज्याची त्यानं निवडायची, मार्चपर्यंत तीच. कोणी उंबराच्या मुळीवर, कोणी कपडे धुवायच्या दगडावर, एकजण मोरीच्या कट्ट्यावर. तीच जागा दर आठवड्याला बघितली की तिथलं काय गेलं आणि काय आलं ते पोरांना कळायला लागतं. एका मुलीला शाळा सुरू झाल्या झाल्या मृगाचा किडा सापडला होता. लाल मखमलीचा, बोट लागलं की पाय पोटाशी घेऊन निपचित पडतो तो. जुलैत तो दिसेना. तिनं दोन शनिवार पानं उलटून शोधला. तिसऱ्या शनिवारी वहीत लिहिलं, ‘मखमल संपली.’ दोनच शब्द. मी त्याला कविता म्हणालो.

बसल्यावर पहिली दहा मिनिटं पेन्सिल खिशात. डोळे मिटून आवाज मोजायचे, एका आवाजाला एक बोट. तांबटाची टुक्‌टुक्‌, पाण्याचे दोन वेगवेगळे आवाज, लांबून पिठाच्या गिरणीचा. “सर, गिरणी धरायची का?” असं एकीनं विचारलं. धर म्हटलं.

मग एकच वस्तू निवडायची आणि तिच्यात असं काहीतरी शोधायचं, जे कोणी सांगितलेलं नाही. इथं मला बोलावं लागतं. परवाचंच उदाहरण देतो. तिसरीतल्या मुलानं लिहिलं, ‘ओढा सुंदर आहे.’ मी शेजारी जाऊन बसलो. “कुठं सुंदर आहे रे?” “त्या दगडापाशी.” “तिथं काय होतंय?” बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “पाणी दगडाला फुटतं आन् म्होरं जाऊन परत जुळतं.” आठ वर्षांचं पोरगं. सुंदर, छान, हिरवेगार हे शब्द मी खोडत नाही, पण शब्द दिसला की कुठं, कसं, कधी एवढं विचारतो. शब्दामागं काय बघितलं होतं ते पोरगं स्वतःच काढून देतं.

पहिली-दुसरीची मुलं बोलतात आणि मी लिहून घेतो, बोलतात तसंच, एक अक्षर न बदलता. मग त्यांचं बोट धरून त्यांनाच वाचून दाखवतो. पहिलीतल्या एकानं कागदाकडं बघून विचारलं, “ह्यात मी कुटं हाय?” त्याचं बोट ‘मी’ या अक्षरावर ठेवलं. आता तो कुठलंही पान दिसलं की आधी ‘मी’ शोधतो.

चूक सांगायची राहिली. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात हौसेनं सगळ्यांना कासच्या पठारावर फुलं बघायला नेलं. आम्हाला फार लांब नाही. फुलं भरात होती, पण गर्दी, रांगेनं चालायचं, खाली बसायचं नाही, थांबायचं नाही. सोमवारी कविता आल्या. त्यांत गाडी होती, गाडीत झालेल्या उलट्या होत्या, वडापाव होता. फूल एकाही वहीत नव्हतं. त्यानंतर ओढा सोडून कुठं गेलो नाही.

अडचणी दोन आहेत. पालक म्हणतात, “शनिवारी पोरं नुसती हिंडवता.” आणि शुद्धलेखन. त्या वह्या तपासायच्या कशा, लाल पेन फिरवायचा का, यावर माझं मन अजून स्थिर नाही. बोला.

कृष्णाकाठ
शनिवार, रात्री १०.५५

सर, कुसळाची कविता घरी सगळ्यांना वाचून दाखवली.

मी पलूस तालुक्यात, नदीपासून हाकेच्या अंतरावरच्या शाळेत आहे. आमच्याकडं ओढा नाही आणि चारी बाजूंनी ऊस. ऊस डोक्यावर गेला की त्यात पोरांना नेता येत नाही, घोणस असते. म्हणून आमचं बाहेर म्हणजे शाळेची मागची भिंत, तिथला लिंब आणि घाटाच्या वरच्या चार पायऱ्या. एवढीच जागा, पण ती पुरते.

त्या भिंतीवर २०१९ च्या पुराची रेघ आहे. दोनदा रंग दिला तरी वर येते. आमच्या पोरांना पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी मोजतात ते कृष्णेच्या पाण्याचे आकडे पाढ्यासारखे पाठ असतात: ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. त्या ऑगस्टात पाणी ५७ च्या वर गेलं होतं. आताची चौथीतली मुलं तेव्हा आईच्या कडेवर होती, तरी पूर त्यांच्या बोलण्यात कालचा असल्यासारखा येतो. गेल्या वर्षी एका मुलानं भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या लिहिलं:

भितीवर पाण्याची रेघ हाय
माज्या डोक्याच्या वर.
मी दरसाल वाडतोय.
रेघ तितंच.

‘भिंती’वर अनुस्वार नव्हता, तसाच ठेवलाय. त्याला नदीवर लिही म्हटलं असतं तर कृष्णामाई म्हणून दोन ओळी जोडून मोकळा झाला असता.

शुद्धलेखनाबद्दल मी काय करते ते सांगते. दोन वह्या. कच्ची वही बाहेर जाते, तिला माझा पेन लागत नाही. महिन्यातून एकदा मुलानं स्वतः त्यातली एक कविता निवडून पक्क्या वहीत उतरवायची, आणि तेव्हा आम्ही शेजारी बसून ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार बघतो. आपलीच ओळ असते, त्यामुळं मूल ते मनापासून करतं. शब्द मात्र बदलत नाही. ‘म्हनली’ ला ‘म्हणाली’ करायचं का, हे मुलाला विचारते. आजीचं बोलणं असेल तर पोरं ठाम सांगतात, “आजी असंच म्हनती बाई.” मग तसंच राहतं.

निवृत्तगुरुजी
रविवार, सकाळी ७.१०

दोघांचंही वाचलं. तळमळ दिसते आणि ती मोलाची आहे. मी छत्तीस वर्षं प्राथमिक शिक्षक होतो, शेवटची बारा मुख्याध्यापक. माझी एक शंका आहे, ती राग न मानता ऐका.

तुम्ही दिलेल्या ओळी ही उत्तम निरीक्षणं आहेत. पण त्या मुलांच्या तोंडी बसतात का? लहान मुलाला आधी कान असतो. पाढे, बडबडगीतं, हादग्याची गाणी, कोडी, सगळं त्याला लयीमुळं पाठ होतं. यमक आणि छंद काढून घेतला तर मूल गद्याचे तुकडे करायला शिकेल आणि त्यालाच कविता समजेल. आठ अक्षरांचा चरण चौथीतलं मूल बोटांवर सहज मोजतं. अभंगाचे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरणही मोजतं. एवढी मोठी ठेव घरात असताना मुलांना तिच्यापासून लांब का ठेवायचं?

परळीखोरे
रविवार, सकाळी ९.३०

गुरुजी, राग कसला. तुम्ही म्हणता ती उणीव माझ्याकडं खरोखरच होती, पहिलं दीड वर्ष मी लयीकडं बघितलंच नाही.

यमकाची भीती मला का बसली ते सांगतो. यमक आधी मागितलं की मूल डोळे मिटून यमकाच्या मागं धावतं. ‘झाड’ आलं की ‘माड’ येतो, आणि आमच्या खोऱ्यात माड नाही. ‘पाणी’ आलं की ‘गाणी’ आणि ‘राणी’. बघितलेलं सगळं वाहून जातं. म्हणून क्रम उलटा केला. ओढ्यावर फक्त बघितलेलं लिहायचं. परत येताना मात्र आम्ही एका ओळीत चालतो आणि एखाद्याची ओळ पावलांच्या ठोक्यावर म्हणून बघतो. जिथं अडखळतं तिथला शब्द पोरंच बदलतात. दगडाला फुटणाऱ्या पाण्याची ओळ मी वर दिली होती. शाळेच्या फाटकापर्यंत तिचं हे झालं:

पाणी दगडाशी फुटं
म्होरं जाऊन जुळतं
आमी दोगं भांडलो की
असंच आमचं व्हतं

शेवटच्या दोन ओळी मागं चालणाऱ्या त्याच्या मित्रानं घातल्या. दोघं सकाळी गोट्यांवरून भांडले होते. अक्षरं मोजून बघा गुरुजी, चारही चरण आठाचे आहेत. मी मोजायला सांगितलं नव्हतं, पावलांनीच ती बसवली. आणि ही चौकडी आता अख्ख्या शाळेला पाठ आहे.

कृष्णाकाठ
रविवार, सकाळी १०.०५

गुरुजींनी लयीचा विषय काढला म्हणून एक लिहिते. आमच्या एका मुलीची आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते. तिला लिंबाखाली बोलावलं. सुरुवातीला लाजली, “शाळंत मी काय सांगू?” म्हणाली. मग दळताना जसा हात फिरतो तसा नुसता हवेत फिरवत तिनं तासभर ओव्या म्हटल्या. मुली हात फिरवायला लागल्या, मग मुलगेही. तिच्या नातीनं दुसऱ्या दिवशी ही आणली:

पहिली माझी ओवी गं, बांधावरच्या बाभळीला
काटं देती पायाला, सावली देती म्हशीला

‘पहिली माझी ओवी’ एवढं आजीचं, पुढचं सगळं नातीचं. बाभळीचे दोन्ही गुण एका ओळीत तोलून ठेवलेत. कोणी शिकवलं नाही.

दुष्काळीमाती
रविवार, दुपारी २.२०

तुम्ही सगळे पाण्याकाठचे आहात. मी माण तालुक्यात शिकवतो. आमच्याकडं हिरवं म्हणजे पाऊस झाला तर जुलै ते ऑक्टोबर. बाकीचे महिने माळ, बाभळी, धूळ आणि ऊन. पुस्तकातल्या कवितांमध्ये झरे असतात, फुलं असतात, श्रावण असतो. ते वाचून आमच्या पोरांची समजूत झाली होती की कविता लिहिण्यासारखं आपल्या गावात काही नाही. ही समजूत मला फार लागते. चार-पाच वर्षांपूर्वी एका मुलीनं मला तोंडावर विचारलं होतं, “सर, आपल्याकडं निसर्ग कवा येतो?”

मी शाळेशेजारच्या माळावर सकाळी सात-साडेसातला नेतो, नऊच्या आत परत. उन्हाळ्यात त्यापुढं माळावर थांबणं नको. आम्ही धूळ वाचतो. रात्रीतून कोण गेलं त्याच्या खुणा असतात: तितराची नखं, सापाची वळणं, मेंढरांच्या खुरांचा घोळका, सायकलीची नक्षी. टिटवीची अंडी उघड्या खड्यांत असतात आणि खड्यांसारखीच दिसतात. ती सापडली की पोरं गोल करून उभी राहतात आणि कोणीही एक पाऊल पुढं टाकत नाही, हे मी त्यांना शिकवलेलं नाही.

भुसभुशीत धुळीत बोटाएवढे गोल खड्डे असतात. तळाशी एक किडा दबा धरून बसलेला असतो. मुंगी काठावरून घसरली की धरतो. तिसरीतली एक मुलगी त्या खड्ड्याशी पालथी पडून अर्धा तास बघत होती. तिची ही:

मुंगी खड्ड्यात पडली.
वर यायला बगती.
माती खाली येती.
मी काडी दिली.
किडा उपाशी ऱ्हायला.
आता काय करू?

त्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही, मला ते येत नव्हतं. आख्ख्या वर्गानं त्यावर दोन दिवस वाद घातला.

आणखी एक. तुमच्या ‘आपल्या जागे’बद्दल वाचून आठवलं. आमच्याकडं दिवाळी झाली की मेंढपाळांची कुटुंबं कळप घेऊन कोकणात उतरतात, पावसाच्या तोंडावर परत येतात. वर्गातली दोन-तीन मुलं त्यांच्यासोबत जातात. एकाची जागा बोरीखाली होती. तो गेल्यावर तिथं कोणी बसलं नाही. मुलांनी ठरवून आळीपाळीनं त्याच्या जागेची नोंद त्याच्या वहीत ठेवली: ‘आज बोरं पिकली’, ‘आज सरडा तुझ्या दगडावर होता’. तो जूनमध्ये आला, वही वाचली आणि त्याच दिवशी पहिल्यांदा दोन पानं भरून लिहिलं. त्यात भरती-ओहोटी होती. आमच्या शाळेतल्या बहुतेकांनी समुद्र बघितलेला नाही.

सड्यावरची
रविवार, रात्री ८.१५

मी शिक्षिका नाही. साताऱ्यात राहते, वीस वर्षं सड्यांवरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारांवरच्या, वनस्पती बघत हिंडते. परळीखोरे सर, कासला तुमची मुलं रिकाम्या वहीनं परतली याचं वाईट वाटलं, पण नवल नाही वाटलं.

कासची निम्मी फुलं नखापेक्षा लहान आहेत. सीतेची आसवं उभ्यानं बघितली तर नुसती जांभळी-निळी झाक दिसते. गुडघ्यावर बसून भिंगातून बघितलं तर एकेक फूल दिसतं, आणि ही वनस्पती किडे खाते हे सांगितलं की मुलांचे डोळे मोठे होतात. दवबिंदूच्या पानांवरचे चिकट थेंबही तसेच, त्यात चिलट अडकलेलं असतं. पण तिथं जांभ्या दगडावर मातीचा थर बोटभर आहे. २०१२ साली पठार जागतिक वारशात गेलं, गर्दी वाढली, आणि बसणं-पसरणं त्या मातीला झेपत नाही. कविता लिहायला तीस मुलं तिथं नेऊच नयेत.

नेण्याची गरजही नाही. सप्टेंबरात तुमच्या ओढ्याच्या उतारावर सोनकी असणार, तेरडा असणार. तेरड्याला तुमची मुलं गौरीचं फूल म्हणत असतील, कारण गौरी त्याच्याच आणतात. नाव सांगायची घाई करू नका. आधी मुलांना नाव ठेवू द्या. एका शाळेत मुलांनी लाजाळूला ‘दारलावी’ म्हटलं होतं. त्यानंतर पुस्तकातलं नाव सांगितलं तर ते कायमचं राहतं.

मात्र खरी माहिती लपवूही नका. माहितीनं कविता कोरडी होते असं काही शिक्षकांना वाटतं, माझा अनुभव उलटा आहे. एका मुलीनं सुगरणीवर लिहिलं होतं, आई पिल्लांसाठी खोपा विणते वगैरे. मी तिला सांगितलं की खोपा नर विणतो, अर्धा झाला की मादी येऊन बघते, पसंत पडला तरच पुढचं काम. मग आम्ही विहिरीवरच्या बाभळीखाली बसून तासभर ते प्रत्यक्ष बघितलं. तिनं जुनं पान दुमडलं आणि नवीन लिहिलं:

खोपा बाप विणतो.
आई बगून जाती.
न्हाई आवडला तर
बाप परत
पयल्या काडीपासनं.

कोयनेकाठ
सोमवार, रात्री ९.००

पाटण तालुक्यातून लिहितोय. सगळ्यांचं वाचून हुरूप आला, पण बाहेर नेणाऱ्यांसाठी सावधगिरीच्या चार गोष्टी सांगणं माझं कर्तव्य आहे, कारण मी त्यातून गेलोय.

डिसेंबरचा महिना, मुलं कुंपणाच्या कडेला बसलेली. एकानं वाळलेली शेंग तोडून चुरगळली. खाजकुयली होती. पाच मिनिटांत सात मुलं आग आग करत रडत होती, आणि मी अंग चोळून दिलं, त्यानं ती कुसं आणखी पसरली. आरोग्य उपकेंद्रातल्या ताईंनी मग शिकवलं: चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून कुसं उचलायची, नंतर भरपूर पाण्यानं धुवायचं, कपडे बदलायचे. तेव्हापासून चिकटपट्टी, पाण्याचा कॅन आणि दोन जुने शर्ट माझ्या पिशवीत असतात. आदल्या दिवशी मी एकटा जाऊन जागा बघून येतो. झाडावर आग्या मोहोळ आहे का, दगडाखाली काय आहे, कुंपणावर कुयली आहे का. आमच्याकडं उसात आणि डोंगराच्या कडेला बिबट्या फिरतो, त्यामुळं दाट झाडीत शिरायचं नाही, कोणी एकटं बसायचं नाही, दिसेल एवढ्या अंतरातच जागा निवडायची. पालकांची लेखी संमती आणि मुख्याध्यापकांची नोंद शनिवारच्या आधीच घ्यायची.

आणि सर, पालकांचं म्हणाल तर आम्ही पालकसभाच बाहेर घेतली. पालकांनाही दहा मिनिटं डोळे मिटून आवाज मोजायला लावले. एक आजोबा म्हणाले, “एवढं वय झालं, पन कोतवाल पाखराला आसं निवांत कदी आयकलंच न्हवतं.” त्यानंतर ‘पोरं हिंडवता’ ही तक्रार माझ्या कानावर आलेली नाही.

विश्रामबागचीआई
सोमवार, रात्री १०.२५

मी सांगलीत राहते, मुलगा दुसरीत, इंग्रजी माध्यमाला. घरी मराठीच बोलतो, पण लिहायचं म्हटलं की अडतो. चौथ्या मजल्यावर राहतो, ओढाही नाही आणि माळही नाही. शाळेकडून हे होणार नाही. मी घरच्या घरी काही करू शकते का? आणि प्रामाणिकपणे विचारते, बोलीत लिहायची सवय लागली तर पुढं परीक्षेत गुण जाणार नाहीत ना?

कृष्णाकाठ
सोमवार, रात्री १०.५०

ताई, नक्की करू शकता. एकच कुंडी द्या त्याला, त्याची स्वतःची. रोज नको, आठवड्यातून एकदा तिच्याशेजारी बसायचं, तुम्हीही बसायचं. तो बोलेल ते मराठीत तुम्ही लिहून घ्या, परळीखोरे सर पहिलीच्या मुलांचं लिहितात तसं. वाचायला त्याचंच बोलणं मिळालं की अक्षरांची अढी सुटते, हे मी बऱ्याच मुलांत बघितलंय. सुट्टीच्या सकाळी आमराईत किंवा घाटावर न्या. मोबाईल घरी ठेवून.

गुणांची काळजी करू नका. बोलीत जे मूल बिनधास्त बोलतं, त्याच्याकडं प्रमाण मराठीत लिहायला काहीतरी असतं. माझ्याकडची पोरं निबंध पुस्तकी मराठीतच लिहितात, कुठं काय वापरायचं ते त्यांना आपोआप कळतं. पाहुण्यांशी वेगळं बोलतात, म्हशीशी वेगळं, तसंच.

निवृत्तगुरुजी
मंगळवार, सकाळी ६.४५

परळीखोरे सर, तुमची आठ अक्षरांची चौकडी रात्री नातवाला म्हणून दाखवली. सकाळी उठून त्यानं ती परत म्हटली. माझ्या शंकेचं उत्तर मिळालं.

एक गोष्ट मनात सलते म्हणून सांगतो. छत्तीस वर्षांत मी हजारो मुलांकडून कविता पाठ करून घेतल्या, चालीत म्हणवून घेतल्या, त्यांचे अर्थ सांगितले. तू एक लिही, असं एकाही मुलाला म्हणालो नाही. मनात आलंच नाही कधी. आणि आपण कुठल्या जिल्ह्यात बोलतोय बघा. सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. ‘काव्यफुले’ निघालं १८५४ साली, तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या आणि मुलींना शिकवत होत्या. त्या संग्रहात पिवळ्या चाफ्यावर कविता आहे, जाईच्या फुलावर आहे. शिकवणारी बाई स्वतः फुलाजवळ थांबून लिहीत होती. मी तेही फक्त जयंतीच्या भाषणात वापरलं.

३ जानेवारीला तुमच्या ओढ्यावर मुलांचं वाचन ठेवता का? मला यायचं आहे. मी काही बोलणार नाही, मागं बसून ऐकेन.

परळीखोरे
मंगळवार, रात्री ९.१५

गुरुजी, या. पण मागं बसायचं नाही, तुम्हाला एक जागा ठेवतो. आणि आमच्याकडं बसलेल्या प्रत्येकाला लिहावं लागतं, हा नियम पोरांचा आहे.

कोयनेकाठ सर, चिकटपट्टी आजच आणली. शुद्धलेखनाचं दोन वह्यांचं मला पटलं, या महिन्यापासून सुरू करतो.

दुष्काळीमाती
बुधवार, दुपारी १.३०

आज एक झालं. कृष्णाकाठ ताईंची पुराच्या रेघेची कविता मुलांना वाचून दाखवली. आधी शांतता. मग प्रश्न सुरू झाले: पाणी घरात कसं येतं? रात्री येतं का? दारातनं येतं का खालनं? जनावरं कुठं बांधतात? आमच्या पोरांनी पाणी टँकरमधनं येताना बघितलंय, घरात शिरताना नाही. दुसरीतल्या एकानं विचारलं, “त्यांना नको असंल तर आमच्याकडं लावून देत्याल का?”

ताई, तुमच्या मुलांना हे प्रश्न विचारून उत्तरं मिळतील का? कवितेतच दिली तरी चालेल.

कृष्णाकाठ
बुधवार, रात्री ८.४०

शेवटचा प्रश्न वर्गात वाचून दाखवला तेव्हा कोणी हसलं नाही. एक मुलगी म्हणाली, “बाई, खरंच लावून देता यायला पायजे.” रेघेवाल्या मुलानं लगेच लिहायला घेतलंय, पण त्याची अट आहे. आधी तिकडच्यांनी सांगायचं की नळ नसलेल्या दिवशी ते आंघोळ कशी करतात, आणि खड्ड्यातल्या किड्याचं पुढं काय झालं.

दादा, आपण फोटो नको पाठवूया. कागदच जाऊ देत, पोस्टानं, मुलांच्या हाताचे. पाकिटावर पत्ता लिहायलाही शिकतील. तुमच्या शाळेचा पत्ता मला निरोपात कळवा, आमचं पहिलं पाकीट शनिवारी टाकतो.

दुष्काळीमाती
बुधवार, रात्री ९.०५

निरोप टाकलाय. पिनकोड दोनदा तपासून लिहा ताई, आमच्याच नावाचं आणखी एक गाव आहे.